रिकाम्या चौकटीतील शिल्लक

व्यापारी घरात वाढलेल्या माणसाला रिकामी जागा खुपते. दुकानातील फळी रिकामी दिसली की तेथे माल लावावा, वहीचे पान कोरे राहिले की हिशेब तपासावा आणि घरातील माणूस नुसता बसलेला दिसला की त्याच्या हाती काही काम द्यावे, हे आपले संस्कार. त्यांत गैर काही नाही. या संस्कारांवरच पेढ्या उभ्या राहिल्या आणि टिकल्या. परंतु कलेच्या प्रांतात एक दालन असे आहे, जेथे रिकामी जागा हीच मुख्य ठेव मानली जाते. छायाचित्रणातील मिनिमलिझम हे ते दालन होय.

या प्रकारचे छायाचित्र वाचकांनी कोठे ना कोठे पाहिलेले असते. बहुतेक वेळा ते कृष्णधवल असते. चौकटीचा तीन-चतुर्थांश भाग पांढराशुभ्र किंवा करडा. एका कोपऱ्यात निष्पर्ण झाड, बर्फात बुडालेल्या कुंपणाचे चार खांब किंवा समुद्राची एक आडवी रेघ. माणूस नाही, रंग नाही, प्रसंग नाही. पहिल्या दृष्टिक्षेपात कोणीही विचारील, ‘यात आहे तरी काय?’ बँकेत आयुष्य घालवून निवृत्तीनंतर या कलेच्या नादी लागलेल्या मला हा प्रश्न आप्तेष्टांनी अनेकदा विचारला आहे. तो प्रामाणिक प्रश्न आहे आणि त्याला प्रामाणिक उत्तर मिळाले पाहिजे.

ही छायाचित्रे ज्यांनी काढली त्यांची चरित्रे पाहिली असता दोन गोष्टी पुन्हा पुन्हा आढळतात : एकांत आणि अनिश्चितता. आपण सारे आयुष्यभर या दोन्ही गोष्टी टाळण्याची खटपट करीत असतो. या मंडळींनी त्यांनाच भांडवल कसे केले, हे पाहण्यासारखे आहे.

भरलेल्या गोदामातून एक वस्तू

‘मिनिमलिझम’ हा शब्द कलेच्या चर्चेत रुळला तो १९६० च्या दशकात, न्यूयॉर्कमध्ये. डोनाल्ड जड यांच्यासारखे शिल्पकार साध्या चौकोनी पेट्या मांडू लागले. ॲग्नेस मार्टिन या चित्रकर्ती मोठ्या पांढुरक्या पटावर पेन्सिलीच्या फिकट रेषांची जाळी आखू लागल्या. कथा, अलंकार, भावनेचे प्रदर्शन हे सारे बाजूला सारून जे उरते तेवढ्यावरच उभे राहायचे, हा त्यांचा आग्रह होता. याच मार्टिन १९६७ मध्ये न्यूयॉर्क सोडून गेल्या आणि पुढे न्यू मेक्सिकोच्या ओसाड पठारावर दीर्घकाळ एकट्या राहिल्या, ही गोष्टही येथे नोंदवण्याजोगी आहे.

छायाचित्रकाराची अडचण मात्र चित्रकाराहून वेगळी असते. चित्रकारापुढे कोरा कागद असतो. त्यावर काय मांडायचे ते तो ठरवतो. छायाचित्रकाराच्या हाती पहिल्या क्षणापासून गच्च भरलेले गोदाम येते. तारा, खांब, पाट्या, गर्दी, वाहने सारे भिंगासमोर असतेच. त्याला एकेक वस्तू बाहेर काढावी लागते आणि तीही हात न लावता. मग त्याच्यापाशी उपाय उरतात ते असे : पहाटे किंवा रात्री जाणे, धुक्याची अथवा हिमवर्षावाची वाट पाहणे, चार पावले सरकून उभे राहणे आणि शटर दीर्घकाळ उघडे ठेवणे. यातील प्रत्येक उपाय त्याला माणसांपासून दूर नेतो आणि बेभरवशाच्या हवामानाच्या हवाली करतो. एकांत आणि अनिश्चितता या कलेत बाहेरून आणलेल्या काव्यमय कल्पना नाहीत. त्या कामाच्या स्वरूपातूनच येतात.

दहा तास उघडे राहिलेले शटर

मायकेल केन्ना यांचे उदाहरण घेऊ. त्यांचा जन्म १९५३ चा, इंग्लंडमधील विड्नेस या रासायनिक कारखान्यांच्या गावातला. कुटुंब कामगार वर्गातले आणि मोठे. धर्मगुरू होण्याच्या विचाराने ते लहान वयातच ख्रिस्ती धर्मशिक्षणाच्या निवासी शाळेत दाखल झाले होते. पुढे तो मार्ग सोडून कलाशिक्षणाकडे वळले. मौन पाळणे आणि जे दिसत नाही त्याच्या सान्निध्यात बसणे यांची सवय तेथेच लागली असावी, असे त्यांची छायाचित्रे पाहताना वाटते.

केन्ना आजही फिल्मवर काम करतात. चौकोनी चौकटीचा यांत्रिक कॅमेरा ट्रायपॉडवर लावायचा आणि रात्री शटर उघडून ठेवायचे. कधी काही मिनिटे, तर कधी तब्बल दहा तासांपर्यंत. त्या अवधीत लाटा येतात आणि जातात, ढग सरकतात, तारे आपली वाट आखतात. फिल्मवर लाटेचा आकार उमटत नाही. अनेक लाटांची बेरीज होऊन समुद्र दुधासारखा गुळगुळीत दिसू लागतो. डोळ्यांना कधीही न दिसणारे दृश्य अशा रीतीने आकाराला येते.

यात एक तांत्रिक मेख आहे आणि तीच या कलेचे मर्म सांगते. फिल्मवर प्रकाश फार वेळ पडत राहिला की तिची संवेदनशीलता कमी होत जाते. मोजमाप यंत्र एक मिनिट सांगत असेल तर प्रत्यक्षात कित्येक मिनिटे लागू शकतात आणि हे प्रमाण फिल्मच्या जातीनुसार बदलते. त्यात मध्येच चंद्र वर आला, वारा सुटला, दूरवरून एखादी मोटार गेली तर सारेच गणित बदलते. अशा वेळी अनुभवी माणूसही अंदाजच करतो. त्या अंदाजाचे फळ कळते ते काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी, डार्करूममध्ये, फिल्म धुऊन झाल्यावर. दरम्यान करण्यासारखे काही नसते. अंधारात कॅमेऱ्याशेजारी उभे राहायचे, एवढेच.

व्यापाऱ्याला हे नवे वाटू नये. पेरणीच्या काळात उधारीवर माल दिला की सुगीपर्यंत त्याच्याही हाती काही उरत नसे. पाऊस पडेल काय, पीक येईल काय, भाव टिकेल काय, यांतील एकही गोष्ट त्याच्या ताब्यातली नव्हती. ताब्यात होते ते इतकेच : माणूस पारखून उधार देणे, वही नीट ठेवणे आणि धीर धरणे. केन्ना यांचा धीर त्याच जातीचा आहे.

या शतकाच्या आरंभापासून केन्ना जपानच्या उत्तर टोकाच्या होक्काइदो बेटावर वारंवार जात आले आहेत. हिवाळ्यात तेथे सारा मुलूख बर्फाखाली जातो आणि भूप्रदेशाचा जणू कोरा कागद होतो. कुश्शारो सरोवराच्या काठी पाण्याकडे झुकलेला एक जुना ओकवृक्ष होता. केन्ना यांनी त्याची छायाचित्रे अनेक वेळा, निरनिराळ्या ऋतूंत काढली. २००९ मध्ये तो वृक्ष तोडण्यात आला. ‘पुन्हा येईन तेव्हा हा असेलच’ ही खात्री त्या झाडाने कोणालाही दिली नव्हती.

त्याच बेटावरील बिएई गावाच्या शिवारात ‘तत्त्वचिंतक वृक्ष’ म्हणून प्रसिद्ध झालेले एक पॉप्लरचे झाड होते. किंचित कलून, विचारात पडल्यासारखे एकटे उभे. ते पाहण्यासाठी आणि टिपण्यासाठी पर्यटकांची रीघ लागली. बजावूनही लोक शेतात शिरत, पिके तुडवत. अखेर २०१६ मध्ये शेतमालकाने ते झाड पाडले. एकांताचे चित्र लोकप्रिय झाले आणि गर्दीपायी ते झाडच गेले. ज्याला एकांताचे चित्र आवडते त्याला एकांत आवडतोच असे नाही, हा या घटनेचा धडा होय.

एकांत आणि एकाकीपण

होक्काइदोचाच एक पुत्र, मासाहिसा फुकासे. १९३४ मध्ये तेथील एका लहान गावात, पिढीजात फोटो स्टुडिओ चालवणाऱ्या कुटुंबात ते जन्मले. त्यांची कथा सांगितल्याविना हा विषय एकांगी होईल.

आपल्या पत्नीची असंख्य छायाचित्रे त्यांनी काढली होती. १९७६ मध्ये तो विवाह मोडला. त्या सुमारास होक्काइदोच्या वाटेवर त्यांनी डोमकावळ्यांची छायाचित्रे काढण्यास आरंभ केला आणि पुढील कित्येक वर्षे ते याच एका विषयामागे राहिले. तारेवर बसलेले थवे, बर्फात उमटलेली पावले, काळोख्या आकाशात पसरलेले एकच पंख. १९८६ मध्ये त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि आज छायाचित्रांच्या थोर ग्रंथांत त्याची गणना होते. परंतु फुकासे त्या काळोखातून पूर्णपणे बाहेर आले, असे म्हणता येत नाही. १९९२ मध्ये टोकियोतील एका मद्यगृहाच्या जिन्यावरून ते कोसळले, मेंदूला गंभीर इजा झाली आणि नंतरची वीस वर्षे, २०१२ मधील मृत्यूपर्यंत, ते पुन्हा कॅमेरा हाती घेऊ शकले नाहीत.

मराठीत आपल्याकडे दोन वेगळे शब्द आहेत, हे भाग्यच म्हणायचे. एकांत मनुष्य निवडतो, एकाकीपण त्याच्या वाट्याला येते. एकांतातून माणूस जेवणाच्या वेळी बाहेर येतो, घरच्यांशी बोलतो आणि उद्या पुन्हा आत जातो. एकाकीपणाचे दार आतून उघडत नाही. फुकासे यांच्या कलेचा गौरव करताना त्यांच्या दुःखाचा गौरव होऊ नये, याचे भान ठेवले पाहिजे. दुःखातून कधी थोर कृती जन्मते हे खरे. पण दुःख हे तिचे मूल्य चुकवण्याचे आवश्यक चलन आहे, असा समज करून घेणे धोक्याचे ठरेल.

सारी जमा मांडली आणि पडदा पांढरा झाला

मग एकांत आणि अनिश्चितता माणसाला पोखरण्याऐवजी पोसतात, ते कशाच्या बळावर? माझ्या मते स्वतः घालून घेतलेल्या मर्यादेच्या बळावर. याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण म्हणजे हिरोशी सुगिमोतो. जन्म १९४८, टोकियो. १९७० च्या दशकापासून न्यूयॉर्कमध्ये वास्तव्य.

त्यांची एक प्रसिद्ध मालिका चित्रपटगृहांची आहे. जुन्या, भव्य चित्रपटगृहात मागे कॅमेरा लावायचा, चित्रपट सुरू होताच शटर उघडायचे आणि चित्रपट संपला की बंद करायचे. दोन तासांत पडद्यावर हजारो चित्रे येऊन गेलेली असतात. प्रेम, युद्ध, हसू, रडू सारे काही. फिल्मवर मात्र उमटतो केवळ एक लखलखीत पांढरा आयत. त्या पांढऱ्या प्रकाशात सभागृहाची रिकामी आसने आणि भिंतींवरील नक्षी उजळलेली दिसते.

हे छायाचित्र मी प्रथम पाहिले तेव्हा मला बँकेतील वर्षअखेरीची रात्र आठवली. वर्षभरातील असंख्य नोंदी, प्रत्येकीमागे कोणाची तरी निकड, कोणाची तरी उभारी. आणि शेवटी उरतो तो एक आकडा. बाहेरच्याला तो कोरडा वाटतो. ज्याने त्या नोंदी पाहिल्या आहेत त्याला त्या आकड्यात सारे वर्ष दिसते. सुगिमोतो यांचा पांढरा पडदा हा असाच बेरजेचा आकडा आहे. ‘यात आहे तरी काय?’ या आरंभीच्या प्रश्नाचे एक उत्तर येथे मिळते. चांगल्या मिनिमलिस्ट छायाचित्रातील रिकामी जागा पुष्कळदा अशी बेरीज होऊन आलेली असते. पाहणाऱ्याने थांबावे, म्हणजे तिच्यातील नोंदी दिसू लागतात.

१९८० मध्ये त्यांनी समुद्राची मालिका हाती घेतली. आदिमानवाने जे पाहिले तेच दृश्य आजचा माणूस पाहू शकेल काय, असा प्रश्न त्यांना पडला होता. जमीन तर आपण पार बदलून टाकली. बदलले नसेल तर ते बहुधा समुद्राचे दर्शन. मग त्यांनी स्वतःसाठी नियम ठरवला : क्षितिज चौकटीच्या बरोबर मध्ये, वर आकाश, खाली पाणी. नौका नाही, पक्षी नाही, किनारा नाही. कॅमेरा आठ बाय दहा इंचांच्या फिल्मचा, अवजड, दर वेळी एकच पत्रा भरावा लागणारा. कॅरिबियन समुद्र, इंग्लिश खाडी, काळा समुद्र, जपानचा समुद्र असे करीत जगभरच्या कड्यांवर जाऊन ते हीच एक चौकट लावत आले.

नियम इतका कठोर आहे, म्हणूनच बदल दिसतो. एका चित्रात क्षितिज धारदार. दुसऱ्यात धुक्याने पुसलेले, पाणी कोठे संपले आणि आकाश कोठे सुरू झाले ते सांगता येऊ नये असे. समुद्र कसा असेल हे सुगिमोतो ठरवू शकत नाहीत. आपण कोठे आणि कसे उभे राहायचे, एवढेच त्यांच्या हाती असते. या ठरलेल्या चौकटीमुळेच बेभरवशाचा समुद्र त्यांना नवे काही देत राहतो.

किहीमच्या वाळूवरील रेषा

आता इतक्या दूरवरून आपल्या किनाऱ्यावर येऊ. अलिबागजवळचे किहीम अनेक वाचकांना सहलीचे ठिकाण म्हणून माहीत असेल. भारतीय कलेतील एक अत्यंत एकाग्र जीवन तेथेच १९९० मध्ये संपले. नसरीन मोहमेदी यांचे.

त्यांचा जन्म १९३७ चा, कराचीतला. आई लहानपणीच गेली. १९४४ मध्ये कुटुंब मुंबईस आले. वडिलांचा व्यवसाय बहारीनमध्ये होता आणि त्यात छायाचित्रणाच्या साहित्याचे दुकानही होते. म्हणजे कॅमेरा त्यांच्या हाती आला तो व्यापाराच्या वाटेने. १९५४ ते १९५७ लंडनच्या सेंट मार्टिन्स कलाशाळेत शिक्षण, पुढे पॅरिसमध्ये शिष्यवृत्तीवर अभ्यास. मुंबईत वॉर्डन रोडवरील भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये त्या काम करीत, तेव्हा वासुदेव गायतोंडे हे ज्येष्ठ स्नेही त्यांना लाभले. नागपूरला जन्मलेले, मितभाषी, वर्षाकाठी मोजकीच चित्रे करणारे गायतोंडे स्वतः एकांताचे उपासक होते. १९७२ पासून नसरीन बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात ललित कला शिकवू लागल्या आणि अखेरपर्यंत त्या शहराशी जोडलेल्या राहिल्या.

त्यांची ख्याती आहे ती रेषाचित्रांसाठी. वास्तुविशारद वापरतात ती उपकरणे, शाई, पेन्सिल आणि कागद एवढ्यावर त्यांनी सूक्ष्म समांतर रेषांचे असे विश्व उभे केले, की पाहताना कागद श्वास घेतो आहे असे वाटावे. खोलीत सामान थोडके. जमिनीवर बसून ठेंगण्या मेजावर काम. कृतींना त्यांनी नावे दिली नाहीत, बहुतेकांवर तारीखही घातली नाही.

या रेषांच्या शेजारीच त्यांचे छायाचित्रण चालले होते, १९५० च्या दशकापासून पुढे अनेक वर्षे. बहारीनचे वाळवंट, फत्तेपूर सीक्रीची प्रांगणे, चंदीगडच्या काँक्रीटच्या भिंती, रस्त्यावरील पट्टे आणि किहीमची वाळू. फत्तेपूर सीक्रीला गेलेला माणूस सहसा बुलंद दरवाजाचे छायाचित्र घेऊन परततो. नसरीन यांच्या छायाचित्रांत त्या राजधानीचा डौल शोधून सापडत नाही. फरसबंदीतील सांधे, पाण्याच्या वाहिनीची सरळ कडा, पायरीवर पडलेली सावली, एवढेच दिसते. ठिकाण ओळखता येऊ नये इतके त्यांनी वगळले आहे. जे उरले आहे ते मात्र विसरता येत नाही.

किहीमला ओहोटीच्या वेळी मी मुद्दाम एकदा गेलो होतो. पाणी मागे सरते तेव्हा ओल्या वाळूवर एकामागून एक बारीक रेघा ठेवत जाते. कोणतीही रेघ दुसरीसारखी नसते आणि पुढील भरतीला एकही उरत नाही. नसरीन यांनी अशा रेघा टिपल्या तेव्हा त्या काय पाहत असतील, याची थोडी कल्पना तेथे उभे राहिल्यावर येते. खोलीतील मेजावरची रेषा त्यांच्या हुकमाने चाले. किनाऱ्यावरची रेषा समुद्राने आखलेली, आणि तीही काही तासांपुरती. एकाच मनाने दोन्ही रेषा जवळ केल्या.

आणि या मनाला अनिश्चितता केवळ किनाऱ्यावर भेटत नव्हती. मज्जासंस्थेच्या एका दुर्धर विकाराने त्यांना ग्रासले होते. हळूहळू हातापायांच्या हालचालींवरील ताबा सुटत जावा, असा हा विकार. उद्या हात ऐकेल काय, हा प्रश्न त्यांच्यासाठी अलंकारिक नव्हता. तरीही त्या काळातील रेषाचित्रांत कंप दिसत नाही; उलट कागद अधिकाधिक मोकळा होत जातो, रेषा कमी होत जातात आणि उरलेल्या रेषा अधिक निश्चयी होतात. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी किहीममध्ये त्यांचे देहावसान झाले.

त्यांची छायाचित्रे त्यांच्या हयातीत एकदाही प्रदर्शनात मांडली गेली नाहीत. दाद मिळावी म्हणून ती काढलेली नव्हती. पुढे जगाने त्यांची दखल घेतली. २०१३ मध्ये दिल्लीच्या किरण नाडर कला संग्रहालयात मोठे प्रदर्शन झाले. त्याची मांडणी करणाऱ्या रुबीना करोडे या बडोद्यात नसरीन यांच्या विद्यार्थिनी होत्या. २०१५ मध्ये माद्रिदच्या रेइना सोफिया संग्रहालयात आणि मार्च २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने आपली ‘मेट ब्रॉयर’ ही नवी वास्तू उघडली तेव्हा तेथील उद्‌घाटनाच्या प्रदर्शनांत नसरीन मोहमेदी यांच्या कृती होत्या. हे सारे त्यांच्या पश्चात घडले. त्यांनी ते घडेल असे गृहीत धरलेले नव्हते, म्हणूनच त्या छायाचित्रांत कोणाला खूष करण्याची धडपड दिसत नाही.

पोटापाण्याची बाजू

वाचकांपैकी अनेकांच्या मनात एव्हाना दुसरा प्रश्न आला असेल : हे सारे ठीक; पण घर कसे चालत होते? हा प्रश्न हलका समजू नये. सुगिमोतो यांनी न्यूयॉर्कमध्ये बरीच वर्षे जपानी प्राचीन वस्तूंचे दुकान चालवले आणि वस्तूंची पारख करता करता आपली दृष्टी घडवली. केन्ना कॅलिफोर्नियात गेल्यावर रूथ बर्नहार्ड या ज्येष्ठ छायाचित्रकर्तीच्या फिल्मवरून छापील प्रती काढून देण्याचे काम करीत होते. नसरीन शिक्षिका होत्या आणि विद्यार्थ्यांमध्ये रमत.

म्हणजे दिवसाचा काही भाग त्यांनी निश्चित मिळकतीला दिला आणि त्यामुळेच उरलेल्या भागात अनिश्चिततेला मोकळीक देता आली. कलेकडून लगेच परतावा मागितला नाही. कोणत्या ठेवीतून व्याज काढायचे आणि कोणती ठेव मुदतीविना राहू द्यायची, हा विवेक व्यापारी घरांना कोणी शिकवण्याची गरज नाही.

आपल्या घरांपुरते

हे सारे सांगण्यामागे माझा एक हेतू आहे. आपली घरे भरलेली असतात. दुकान, नातलग, सणवार, लग्नकार्ये यांत एकटेपणाला सहसा जागा मिळत नाही, आणि ही आपली मोठी सुरक्षितताही आहे. परंतु याच घरात एखादा मुलगा किंवा सून गच्चीवर तासभर एकटी बसली की आपण लगेच विचारतो, ‘काय बिनसले?’ नातू कॅमेरा घेऊन पहाटे तलावावर गेला आणि धुक्याची चार चित्रे घेऊन परतला की म्हणतो, ‘एवढ्यासाठी झोप मोडलीस?’ विचारणाऱ्याच्या मनात मायाच असते. तरी त्या मायेपोटी एखादे उमलणारे पान खुडले जाऊ शकते.

त्याचबरोबर फुकासे यांची कथाही विसरू नये. एकांताहून परतणारा माणूस थोडा प्रसन्न, थोडा भुकेला असतो. काहीतरी दाखवण्यास उत्सुक असतो. ज्याचे अन्नपाणी, झोप, बोलणे कमी होत चालले आहे त्याच्या हाती कॅमेरा देऊन भागणार नाही. त्याच्याजवळ बसावे आणि गरज भासल्यास डॉक्टरांकडे न्यावे. दोन्हींतला फरक घरच्यांनाच सर्वांत आधी ओळखता येतो.

आणि मुलांच्या हाती पेढी सोपवून मोकळे झालेल्या माझ्या समवयस्कांसाठी एक सूचना. आयुष्यभर गल्ल्यावर बसलेल्या माणसाला निवृत्तीनंतरची दुपार फार लांब वाटते. महागडा कॅमेरा घेण्याची आवश्यकता नाही. खिशातील मोबाइल पुरे. एक जागा निवडावी : खिडकी, नदीचा घाट, शेताचा बांध, काहीही. महिनाभर रोज त्याच जागी, त्याच वेळी जावे आणि एकच छायाचित्र काढावे. चौकटीतून दररोज एक तरी वस्तू वगळण्याचा प्रयत्न करावा. महिना पुरा होईपर्यंत ते कोणालाही पाठवू नये, आपणही पुन्हा उघडून पाहू नये. आज काय हाती लागले हे ठाऊक नसताना उद्या पुन्हा जाण्याची ही सवय आहे. महिनाअखेरीस तीस चित्रे ओळीने मांडली की एकच जागा तीस दिवस तीच नव्हती, हे ध्यानात येते. कोणत्या दिवशी आपणच निराळे होतो, तेही कधी कधी त्यात दिसते.

त्यातले एखादे चित्र घरी कोणास दाखवले आणि ‘यात आहे तरी काय?’ असे कोणी विचारले तर समजावण्याची घाई करू नये. चित्र त्याच्या हाती द्यावे आणि थोडा वेळ जाऊ द्यावा.